४,१११ कड्या: तारेच्या बंडलापासून डोक्यावर चढणाऱ्या टोपापर्यंत

कड्यांचं चिलखत हाताने विणायचं म्हटलं की पोटात गोळा येतो तो आकड्यांमुळे. एवढ्या कड्या करायच्या कधी, उघडायच्या कधी आणि मिटायच्या कधी? म्हणून आधी आकडेच सांगून टाकते. डोकं, मान आणि खांद्याची वरची कड झाकणारा एक टोप. त्यात कड्या ४,१११. वजन साधारण २.१ किलो. पहिल्या दिवसापासून शेवटच्या कडीपर्यंत दहा आठवडे, आणि त्यात प्रत्यक्ष हात चालले ते ४६ तास. रोज पाऊण तास, सुटीच्या दिवशी थोडं जास्त, असं धरलं तर हे काम कुणाच्याही आवाक्यातलं आहे. (जिरेटोप हा शब्द आपण सहज वापरतो. त्यातलं ‘जिरे’ म्हणजे फारसीतलं ‘जिरह’, कड्यांचं चिलखत.)

हा टोप शोभेचा, नाटकातल्या पोशाखाचा आणि हौसेचा आहे. कड्यांची तोंडं नुसती टेकवून मिटलेली आहेत. युरोपातल्या जुन्या लढाऊ चिलखतांत प्रत्येक जोडाला रिव्हेट, म्हणजे ठोकून पक्की केलेली बारीक खिळी, असे. नुसत्या मिटलेल्या कडीत टोक घुसलं की ती उघडते, त्यामुळे हे घालून कुणी खऱ्या पात्यासमोर उभं राहू नये.

पहिला आठवडा पूर्ण हिशेबात गेला, आणि तो तसाच जायला हवा. कडीचा आतला व्यास भागिले तारेची जाडी, हे गुणोत्तर सगळं ठरवतं. ‘एकात चार’ ही सर्वांत साधी वीण, म्हणजे प्रत्येक कडीतून शेजारच्या चार कड्या जातात. या विणीला हे गुणोत्तर किमान ३ लागतं, पण ३ वर कापड पुठ्ठ्यासारखं ताठ होतं आणि शेवटची कडी घालताना पक्कड शिरत नाही. साडेतीन ते पाच-सव्वापाचपर्यंत छान वळतं. सहाच्या पुढे गेलं की वीण जाळीसारखी ढिली पडते आणि लोंबते. ‘एकात सहा’ विणायची असेल तर साधारण पाच किंवा त्याहून जास्त लागतं. उलट, बायझंटाइन साखळीला (ही दागिन्यांतली एक वीण) साडेतीन-चारच्या आसपासचं गुणोत्तर शोभतं, पाचाला ती मरगळते. एकाच मापाच्या कड्यांत सगळ्या विणी होतील असं धरून चाललं तर हमखास फसायला होतं.

मी निवडली ती १६ गेजची जी.आय. तार, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी तार, आणि ती गुंडाळायला ८ मिमी जाडीची सळई. पहिली खोट इथेच झाली. गेजच्या दोन पद्धती चालतात. ब्रिटिश मापात १६ गेज म्हणजे १.६३ मिमी आणि अमेरिकन मापात १६ गेज म्हणजे १.२९ मिमी. मागवलेलं पहिलं बंडल दुसऱ्या मापाचं निघालं. त्याच सळईवर त्या तारेचं गुणोत्तर सहाच्या वर जातं. नमुना विणून पाहिला तर तो ओल्या फडक्यासारखा लोंबायला लागला. बंडल बदलून यायला पाच दिवस गेले. तेव्हापासून तार गेजवर घ्यायची नाही, मिलिमीटर सांगायचे आणि आल्याबरोबर व्हर्निअरने तीन ठिकाणी मोजायची, हा नेम केला.

तारेच्या जातीबद्दल दोन शब्द. बांधकामात सळया बांधायला वापरतात ती काळी बायंडिंग वायर घेऊ नये. ती इतकी मऊ असते की कड्या टोपाच्या वजनानेच फाकतात, आणि वर गंजते. अॅल्युमिनियम हलकं, हाताला सोपं, पहिल्या नमुन्याला उत्तम, पण घासून घासून काळपट भुकटी सोडतं आणि कपड्याला लागतं. स्टेनलेस सुंदर दिसतं, गंजाची चिंता नाही, पण ते कडक असतं. वळवलं की उसळून मागे येतं आणि मनगटाची परीक्षा बघतं. तांबं-पितळ किनारीला राखून ठेवावं. जी.आय. तार या सगळ्यांच्या मधली. एक सूचना मात्र कळकळीची: ती तार मऊ करायला कधीही तापवू नका. जस्ताचा धूर श्वासात गेला तर काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो.

किती तार लागेल तेही काढता येतं. ८ मिमी सळईवर गुंडाळलेली तार सोडली की थोडी उसळते, म्हणून माझ्या कड्यांचा आतला व्यास ८.३ मिमी भरला, गुणोत्तर ५.१. एका कडीला साधारण ३१ मिमी तार, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम, म्हणजे एका किलोत १,९५० च्या आसपास कड्या. चार हजारांना दोन किलोच्या वर. बंडलाची टोकं, वाया जाणाऱ्या कड्या आणि नमुने धरून तीन किलो घेतली. ती एकदमच घ्यावी, कारण दुसऱ्या बंडलाची झळाळी वेगळी असते आणि टोपात पट्टा दिसतो. खर्चात तार सगळ्यांत स्वस्त पडते. पैसे जातात ते पकडींवर, आणि तिथे हात आखडू नये.

दुसऱ्या आठवड्यात स्प्रिंगा वळल्या, म्हणजे तार सळईवर वेढ्यांनी गुंडाळली. एकेक वेढा कापला की एकेक कडी. लाकडाच्या पाटावर दोन उभ्या फळ्या, दोन्हींत आरपार भोक, त्यातून ४० सेंमी लांबीची सळई. सळईचं एक टोक काटकोनात दोनदा वाकवून हँडल केलं. दुसऱ्या टोकाजवळ तारेचं टोक अडकवायला २ मिमीचं भोक पाडलं. ड्रिलला सळई लावून वळवणारे पुष्कळ आहेत आणि ते झपाट्याने होतं. तरी नवशिक्याने हातानेच वळवावं असं माझं ठाम मत आहे. तार संपते तेव्हा शेवटचं टोक चाबकासारखं फिरतं, आणि ड्रिलवर ते कुठे लागेल सांगता येत नाही. डोळ्यांवर चष्मा दोन्ही प्रकारांत हवाच. चामडी हातमोजा घालून तार चिमटीत धरायची ती फक्त हाताच्या यंत्रावर. फिरत्या ड्रिलजवळ हातमोजा नको, तो ओढला जातो.

तार वळताना ताण सारखा ठेवायचा. वेढे एकमेकांना खेटून बसायला हवेत. मधे फट राहिली तर त्या कड्या तिरक्या निघतात. ताण कमी-जास्त झाला तर व्यास बदलतो, आणि एका डब्यात ८.२ आणि ८.६ च्या कड्या मिसळल्या की विणताना कुठे घट्ट कुठे सैल असं दिसतं. ३० सेंमीच्या एका स्प्रिंगमधून साधारण १८० कड्या मिळतात. अशा २३ स्प्रिंगा झाल्या. एकेकीला सात-आठ मिनिटं, म्हणजे एकूण तीन तास.

मग कापणं. साध्या साइड कटरने कापलं की तारेचं टोक घराच्या छपरासारखं दोन उतारांचं होतं. कडी मिटली की दोन छपरांचे आढे तेवढे टेकतात आणि बाजूला खाच राहते. त्या खाचेत केस, धागा, लोकर सगळं अडकतं. टोपासाठी हे फार महत्त्वाचं, कारण तो केसांवर बसणार. लहान बोल्ट कटर किंवा पत्रा कापायची कातरी वापरली तर टोकं बरीच सपाट येतात. सर्वांत सुबक जोड सोनारी करवतीने मिळतो, पण चार हजार कड्या त्या करवतीने म्हणजे पाती मोडत बसणं. दागिन्याला करवत आणि चिलखताला कातरी, अशी विभागणी मला पटली. स्प्रिंग चिमटीत धरून कातरीचं एक पातं तिच्या पोटात घालायचं आणि सरळ रेषेत, एका बाजूने, एकेक वेढा कापत जायचं. रेष तिरकी झाली तर कड्यांची टोकं तिरपी येतात. कापताना हात आणि स्प्रिंग दोन्ही मोठ्या पारदर्शक पिशवीत ठेवले तर उडणाऱ्या कड्या आणि पहिल्या-शेवटच्या वेढ्याचे टोकदार तुकडे खोलीभर होत नाहीत. हे तुकडे अनवाणी पायात घुसतात, रोज काम संपलं की लोहचुंबक फिरवायचा.

कापून झालेल्या कड्या झाकणाच्या जाड डब्यात घालून, त्यात कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण टाकून पाच-पाच मिनिटं तीनदा हलवल्या. पहिलं पाणी काळं येतं. कारखान्यातलं तेल, जस्ताची भुकटी सगळं निघतं आणि टोकांची बोचही थोडी मोडते. लगेच कपड्यावर पसरून कोरड्या करायच्या. चकाकी यावी म्हणून व्हिनेगरमध्ये घालायचा मोह टाळावा, मुलामाच विरघळतो.

आता ज्या गोष्टीवर सगळं उभं आहे तिच्याकडे येते: कडी उघडणं आणि मिटणं. यासाठी सपाट, दातेरी नसलेल्या तोंडाच्या दोन सारख्या पकडी लागतात. दाते असले की प्रत्येक कडीवर ओरखडे उठतात आणि जस्त सोलून तिथून गंज धरतो. कडीचं तोंड घड्याळातल्या बाराच्या जागी ठेवायचं. डावी पक्कड दहाच्या जागी, उजवी दोनच्या जागी. एक हात स्वतःकडे, दुसरा समोर. टोकं एकमेकांना घासून बाजूला सरकतात आणि वर्तुळ मोडत नाही. तीन-चार मिमी फट पुरते. टोकं ओढून फाकवली तर कडी अंडाकृती होते आणि कितीही दाबली तरी पूर्वीसारखी गोल येत नाही.

मिटताना तोच प्रवास उलटा, पण टोकं समोरासमोर आली की थांबायचं नाही. तार उसळून मागे जाते आणि केसाएवढी फट राहते. म्हणून दोन्ही पकडी आतल्या बाजूला दाबत टोकं एकमेकांच्या पुढे किंचित न्यायची, परत मागे, परत पुढे. दोन-तीनदा असं केलं की टोकं एकमेकांवर खरखरत बसतात. ती खरखर बोटांना कळते, पहिल्या शंभर कड्यांनंतर कानालाही कळते. मग नखाची तपासणी. जोडावरून नख आडवं फिरवायचं. अडकलं तर पायरी आहे, पुन्हा धरायची. उजेडाकडे धरून जोडातून प्रकाश दिसला तर फट आहे. ही तपासणी प्रत्येक कडीला. थकलेल्या संध्याकाळी मिटलेल्या कड्या पुढे सातव्या आठवड्यात एकेक करून सुटायला लागल्या. त्या सगळ्या एकाच पट्ट्यातल्या होत्या, वहीत पाहिलं तर एकाच दिवसाच्या.

होय, वही ठेवा. तारीख, स्प्रिंगचा क्रमांक, किती कड्या मिटल्या, किती उघडल्या, कुठली रांग पुरी झाली. पुढे चूक सापडते तेव्हा ती किती खोलवर गेली आहे ते वहीच सांगते.

अर्ध्या कड्या आधीच मिटून एका डब्यात आणि अर्ध्या उघडून दुसऱ्या डब्यात ठेवल्या. या कामाला आठ तास, ते तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात वाटून घेतले. हे असं का, तर विणताना एक रांग उघड्या कड्यांची होते, आणि त्याच कड्या मिटलेल्या कड्या उचलून पुढची रांग आणतात. विणताना मिटायच्या राहतात त्या निम्म्याच कड्या. रोमन सैनिकांच्या ‘लोरिका हमाटा’ या चिलखतातही एकाआड एक रांग पत्र्यातून ठोकून काढलेल्या अखंड कड्यांची आणि मधली रांग रिव्हेटच्या कड्यांची असे. जोडायच्या कड्या निम्म्या झाल्या की श्रमही निम्मे, हा हिशेब तेव्हाच्या कारागिरांनीही केला होता, आणि आपल्या दोन डब्यांकडे पाहताना मला त्यांच्याशी जवळीक वाटते.

टोपाला हात घालण्याआधी दहा सेंमीचा चौकोन विणावाच. उघडी कडी घ्यायची, तिच्यात मिटलेल्या चार ओवायच्या, तिचं तोंड मिटायचं. टेबलावर ती अशी मांडायची की दोन कड्या वर, दोन खाली आणि मधली आडवी. अशा पाचाच्या जुड्या करून एकमेकींना जोडत गेलं की पट्टी होते. जोडणारी कडी वरच्या रांगेतल्या शेजारच्या दोघींतून आणि खालच्या रांगेतल्या दोघींतून जाते. पुढच्या रांगांना पद्धत बदलते: उघडी कडी वरच्या कडेच्या दोन कड्यांतून घालायची, त्याच वेळी तिच्यात आधीच्या जोडातली एक मिटलेली कडी आणि एक नवी मिटलेली कडी घ्यायची. मिटण्याआधी मनात मोजायचं: वर दोन, खाली दोन.

इथे नवशिका हमखास गोंधळतो तो कलण्यामुळे. एका रांगेतल्या सगळ्या कड्या एकाच बाजूला कललेल्या असतात आणि पुढच्या रांगेतल्या उलट बाजूला. एखादी कडी वरून घालायची ती खालून गेली तर ती शेजारणींच्या विरुद्ध कलते आणि तिथे गाठ आल्यासारखं दिसतं. काम गडद, एकरंगी कापडावर करा आणि दर दोन रांगांनी बोटांनी ताणून सपाट करा, ती कडी लगेच उठून दिसते. चौकोन झाला की तो दोन्ही दिशांनी टांगून बघा. रांगा आडव्या ठेवून टांगला तर वजनाने रांगा एकमेकींपासून दूर खेचल्या जातात, रांगेतल्या कड्या जवळ येतात, कापड लांबतं आणि अरुंद होतं, पण बाजूंना ओढलं की सहज पसरतं. रांगा उभ्या ठेवून टांगला तर कड्यांत फटी पडतात आणि कापड उघडं दिसतं. अंगावरच्या कामात रांगा आडव्याच हव्यात. टोप डोक्यावरून खाली ओढताना मानेचा भाग पसरतो आणि मग परत आवळून बसतो, ते यामुळेच.

पाचव्या आठवड्यात माथ्याला सुरुवात झाली. आतल्या कापडी टोपीसकट डोक्याचा घेर ६० सेंमी, आणि माझ्या विणीत त्याला ८४ कड्यांची रांग लागत होती. मधोमध एक कडी, तिच्यात सहा कड्या, आणि तिथून गोल गोल. ज्यांनी क्रोशाची टोपी केली आहे त्यांना हे पटकन समजेल. मुक्या खांबात सपाट चकती हवी तर दर फेरीला सहा टाके वाढवतात. इथेही तसंच, आणि कारणही तेच. रांगांमधलं अंतर आणि रांगेतल्या कड्यांमधलं अंतर जवळपास सारखं असेल तर एक रांग बाहेर सरकलं की परीघ २π ने, म्हणजे सहा कड्यांहून थोडा जास्त वाढतो.

कडी वाढवायची कशी? नेहमीची नवी कडी वरच्या रांगेतल्या शेजारच्या दोन कड्यांतून जाते. वाढवायची कडी दोन नेहमीच्या कड्यांच्या मधे, वरच्या एकाच कडीतून घालायची. त्या वरच्या कडीत मग खालून दोनऐवजी तीन कड्या येतात. वाढीच्या कड्या एकाखाली एक आल्या तर चकतीला षट्कोनाचे कोपरे दिसायला लागतात, म्हणून दर फेरीला जागा थोडी सरकवायची. घटवायचं असेल तर उलट, नवी कडी वरच्या दोनऐवजी तीन कड्यांतून न्यायची.

पहिल्या सहा फेऱ्या दर फेरीला सहा वाढवल्या: ६, १२, १८, २४, ३०, ३६. मग घुमट यायला हवा म्हणून एकाआड एक फेरीला सहा. ४२ च्या दोन, ४८ च्या दोन, असं करत ८४ च्या दोन. एकूण बावीस फेऱ्या, मधली कडी धरून १,१३५ कड्या. वाढ जास्त झाली तर कडेला झालर पडते, कमी झाली तर माथा नरसाळ्यासारखा टोकदार होतो. माझी चौदावी आणि पंधरावी फेरी दोन्ही वाढीच्या झाल्या होत्या. लक्षात आलं ते अठराव्या फेरीला, डावीकडे पन्हळ आल्यावर. फेऱ्या उसवून मागे जायला साडेतीन तास गेले. उसवताना फक्त आधी उघड्या असलेल्या कड्या उघडायच्या, मिटलेल्यांना हात लावायचा नाही. त्या पुन्हा तशाच वापरता येतात. उघडलेली कडी दोनदा वापरायला हरकत नाही, तिसऱ्यांदा ती टाकून द्यावी, तार थकते. फेरी पुरी झाली की त्या फेरीच्या पहिल्या कडीला रंगीत दोऱ्याची खूण बांधली की असं होत नाही, आणि काम उलट्या पातेल्यावर ठेवलं तर घुमट दर फेरीला तपासता येतो.

या दिवसांत अंगठ्याच्या बुडाशी दुखायला लागलं. पकडीचे दांडे लांब आणि जाड असले तर ताकद कमी लागते. कोपर टेबलावर टेकलेलं हवं, खांदे उचललेले नकोत. चाळीस मिनिटांनी दहा मिनिटं हात मोकळे. दुखत असताना रेटलं तर कड्या नीट मिटत नाहीत, आणि ते मग पुढे निस्तरावं लागतं. मी दोन दिवस काम बंदच ठेवलं.

सातवा-आठवा आठवडा कपाळापासून हनुवटीपर्यंतच्या बाजूंचा. चेहऱ्यासाठी ८४ पैकी २४ कड्या सोडून दिल्या आणि उरलेल्या ६० वर मागून पुढे सव्वीस रांगा, १,५६० कड्या. इथे विणीचा वेग आला. टोप एका आडव्या दांडीवर टांगून समोर बसून विणलं की दोन्ही हात मोकळे राहतात. अडचण कडांची. ६० कड्यांच्या रांगेखाली मधल्या जागा ५९ च, म्हणून दर रांगेला एक कडी कमी होऊन चेहऱ्याची कड तिरकी जाते. रांगेच्या एका टोकाला वरच्या शेवटच्या एकाच कडीतून एक कडी घालायची, एका रांगेला डावीकडे, पुढच्या रांगेला उजवीकडे. कड सरळ राहते.

हनुवटीखाली चेहऱ्याची जागा बंद होते. त्यासाठी २४ कड्या रुंदीची चार रांगांची पट्टी वेगळी विणली आणि दोन्ही बाजूंनी जोडली. जोडताना पट्टीच्या वरच्या रांगेचा कल टोपाच्या त्याच उंचीवरच्या रांगेसारखा आहे ना ते आधी पाहावं. उलटा असेल तर पट्टी नुसती पालटायची. हे न पाहता जोडलं तर शिवण कधीच जुळत नाही. जुळली तर दुसऱ्या दिवशी शिवण शोधून सापडत नाही, आणि तो क्षण फार आनंदाचा असतो. या चार पूर्ण रांगांत ३३६ कड्या.

नवव्या आठवड्यात खांद्यावर पसरणारी कड: एकाआड एक रांगेला आठ वाढ, ९२ पासून १२४ पर्यंत दहा रांगा, १,०८० कड्या. आठ जागा घेरात समान वाटायच्या. सगळी वाढ खांद्यांवरच दिली तर छातीवर आणि पाठीवर कड उचलली जाते. माझ्याकडे पहिल्यांदा पाठीवर उचललीच, दोन रांगा पुन्हा केल्या. शेवटची रांग पितळी कड्यांची करायची असेल तर तार त्याच जाडीची घ्यावी, आणि कड्या त्याच सळईवरच्या. मऊ पितळाची तार कमी उसळली तर व्यास किंचित लहान येतो, ते कडेला चालून जातं.

दहावा आठवडा तपासणीचा. अंधाऱ्या खोलीत टोप विजेरीवर ओढून धरला आणि आतून प्रकाश टाकला. जिथे चार ऐवजी तीनच कड्या गुंफल्या आहेत तिथे उजेडाचा ठिपका मोठा दिसतो. अशा सहा जागा निघाल्या. मग जुने नायलॉनचे मोजे हातात घालून पूर्ण टोप आतून-बाहेरून चोळला. जिथे मोजा अडकला तिथे जोड उघडा. सदतीस कड्या पुन्हा मिटल्या, चार बदलल्या.

टोप उघड्या डोक्यावर घालू नये. गादीसारखी शिवलेली सुती टोपी आत हवी, नाहीतर केस ओढले जातात आणि दोन किलो वजन माथ्यावरच्या एका ठिकाणी टेकतं. काढताना पुढे वाकून डोकं खाली करायचं आणि टोप आपोआप घसरू द्यायचा, वर ओढायचा नाही. घामानंतर कोमट पाण्याने साबण लावून धुवावा, टॉवेलात घोळवून पंख्याखाली पूर्ण वाळवावा. सुरुवातीला हाताला करडा रंग लागतो, पाच-सहा धुण्यांनी तो जवळजवळ थांबतो. चकाकी काही महिन्यांत जाऊन राखी छटा येते, ती मला नव्या झळाळीहून जास्त आवडते.

ठेवताना खुंटीला टांगून ठेवू नये, एका बिंदूवर वजन येऊन माथ्याच्या कड्या फाकतात. घडी न घालता सुती पिशवीत सपाट ठेवावा. त्याच पिशवीत एका छोट्या डब्यात दोनशे सुट्या कड्या, निम्म्या मिटलेल्या निम्म्या उघड्या, आणि झाकणावर चिठ्ठी चिकटवलेली: जी.आय., १.६३ मिमी, सळई ८ मिमी.